फोन आपला, मांडणीही आपली

पनवेलच्या जुन्या गावात आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. तालुक्यातील शाळांत त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन केले. गल्लीतील निम्मी मंडळी त्यांचे विद्यार्थी. साहजिकच लहानथोर सारे त्यांना ‘बाई’ म्हणूनच हाक मारतात. गेल्या पावसाळ्यात बाईंच्या हातून जुना फोन पडून फुटला आणि पुण्यास नोकरीला असलेल्या मुलाने नवा संच पाठवून दिला. संच उत्तम होता. दोनच दिवसांनी, रात्री नऊच्या सुमारास, त्या मुलाचा मला फोन आला : “दादा, आई सकाळपासून फोन उचलत नाही. जरा बघून याल का?”

आमच्याकडे ठेवलेली किल्ली घेऊन आम्ही धावत गेलो. बाई सुखरूप होत्या. टेबलावर फोन ठेवून त्याच्याकडे पाहत बसल्या होत्या. जुन्या संचावर कॉल घेण्यासाठी हिरवी खूण वर सरकवावी लागे, नव्या संचावर ती आडवी सरकवायची होती. दिवसभरात अकरा वेळा घंटी वाजली आणि अकराही वेळा बाईंनी बोट वर ओढले. परत फोन लावावा, तर यादीत नावे नव्हती, नुसते दहा आकडी क्रमांक होते. कारण नावे जुन्या संचातच राहून गेली होती. अनोळखी क्रमांकाला प्रतिसाद देऊ नये, ही वर्तमानपत्रात वाचलेली सूचना बाईंनी काटेकोरपणे पाळली. “मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. म्हणून कुणाला विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. ‘विचारायला लाजू नका’ हे ज्यांनी आम्हां मुलांना वर्षानुवर्षे शिकवले, त्यांच्याच तोंडचे हे शब्द होते.

गोष्ट तेथेच थांबली नाही. दुसऱ्या दिवशी बाई बाजारातील एका दुकानात गेल्या. तेथील मुलाने ‘हे टाका, सोपं जाईल’ असे म्हणून फोन करण्याचे एक निराळे अ‍ॅप त्यांच्या संचात भरून दिले. संध्याकाळपासून प्रत्येक कॉल संपताच पडदाभर जाहिरात दिसू लागली. त्या अ‍ॅपने संपर्कयादी, संदेश आणि राहण्याचे ठिकाण या साऱ्यांची परवानगी घेतल्याचे पुढे लक्षात आले. हा गुंता सोडविण्यासाठी आम्ही तीन संध्याकाळी एकत्र बसलो. त्या तीन संध्याकाळींत जे शिकता आले, ते क्रमवार सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दूरचे गाव, जवळचा आवाज

पनवेल हे जुने नगर. येथील नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली, आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. रायगड जिल्ह्यातील ही पहिली महानगरपालिका होय. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती वाढत गेल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी तालुक्यातील नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन झाले. शहर असे वाढते, तेव्हा माणसे दुरूनही येतात आणि घरची माणसे दूरही जातात. वाड्यात एकटी आई, मुलगा पुण्याला, मुलगी परदेशी, हे चित्र आता अपवादात्मक राहिलेले नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातील कामगाराचे कुटुंब शेकडो कोस दूर असते. या सर्वांना जोडणारा धागा म्हणजे हातातील फोन.

मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ मध्ये. पुढील शतकभर फोनचे यंत्र कसे असावे, हे ग्राहकाने ठरविण्याचा प्रश्नच नव्हता. तबकडी फिरवायची आणि बोलायचे. संपर्कयादी वेगळी असे. ती बहुधा फोनशेजारी दोऱ्याने बांधलेल्या वहीत, घरातल्या सुवाच्य अक्षर असलेल्या माणसाने लिहिलेली असे. स्मार्टफोनमध्ये यंत्र आणि वही एकाच पेटीत आली. या पेटीतील मांडणी मात्र आपल्याला बदलता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. ती कधी कधी आपल्याला न विचारताही बदलते, हा अनुभव मात्र अनेकांनी घेतला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या ‘फोन’ अ‍ॅपचे रूप पालटले. आवडीचे संपर्क आणि अलीकडील कॉल एकाच पानावर आले, अंकफलक निराळ्या भागात गेला, आणि कॉल घेण्यासाठी आडवे सरकविणे किंवा एकदा स्पर्श करणे असे दोन मार्ग ठेवण्यात आले. हे अ‍ॅप निरनिराळ्या कंपन्यांच्या संचांत मुळातच भरलेले असल्यामुळे देशभर अनेकांना सकाळी उठून आपला फोन ओळखेनासा झाला. तरुणांनी त्यावर विनोद केले. पण ज्यांची दृष्टी अधू आहे, ज्यांची बोटे कापतात, त्यांच्यासाठी तो विनोदाचा विषय नव्हता.

कारकून, नोंदवही आणि अभिलेखकक्ष

बदल करण्यापूर्वी फोनच्या आत कोण काय काम करते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी कार्यालयाचा दाखला सोयीचा पडेल.

कॉल लावणारे आणि घेणारे ‘फोन’ अ‍ॅप म्हणजे खिडकीवरचा कारकून. ‘संपर्क’ किंवा ‘कॉन्टॅक्ट्स’ अ‍ॅप म्हणजे नोंदी लिहिणारा दुसरा कारकून. प्रत्यक्ष नावे आणि क्रमांक मात्र या दोघांच्या टेबलावर नसतात. ते फोनमधील एका सामाईक भांडारात, म्हणजे अभिलेखकक्षात असतात. दोन्ही कारकून तेथूनच कागद आणतात. त्यामुळे खिडकीवरचा कारकून बदलला, म्हणून अभिलेख नाहीसे होत नाहीत. नवे अ‍ॅप घेतले की सारी नावे पुसली जातील, ही भीती म्हणूनच अनाठायी आहे.

परंतु अभिलेखांची दुसरी प्रत कोठे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नाव साठविताना फोन आपल्याला सहसा तीन जागा देऊ करतो : सिमकार्ड, खुद्द संच आणि गूगलसारखे एखादे खाते. सिमकार्डवर जागा मर्यादित असते; तेथे नाव आणि क्रमांक यांपलीकडे फारसे काही मावत नाही. संचात साठविलेले नाव त्या संचाबरोबरच जाते, आणि बाईंच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. खात्यात साठविलेले नाव मात्र नव्या संचात तेच खाते उघडताच परत येते. गूगल खात्याच्या संपर्कांत चुकून काही बदल झाला, तर संकेतस्थळावरून मागील तीस दिवसांपर्यंतची स्थिती परत आणण्याची सोय आहे. ज्यांना खात्यावर विसंबायचे नाही, त्यांनी आपली प्रत आपणच ठेवावी. ती कशी, ते पुढे पाहू.

आधी प्रत, मग बदल

घर रंगवायला काढण्यापूर्वी आपण सामान झाकून ठेवतो. फोनच्या बाबतीतही हाच क्रम पाळावा. संपर्क अ‍ॅपमध्ये व्यवस्थापनाचा किंवा सेटिंग्जचा विभाग असतो. तेथे ‘फाईलमध्ये निर्यात करा’ अशा अर्थाचा पर्याय सापडतो. तो निवडला की सर्व नावांची एकच फाईल तयार होते. तिच्या नावाच्या शेवटी ‘व्हीसीएफ’ ही अक्षरे असतात. ही फाईल जवळजवळ कोणत्याही फोनला आणि संगणकाला वाचता येते. ती स्वतःला ई-मेलने पाठवावी किंवा घरातील संगणकावर ठेवावी. नवा संच आल्यावर ‘आयात करा’ हा पर्याय निवडून तीच फाईल दाखविली, की नावे आपापल्या जागी येतात.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. या एका फाईलमध्ये आपल्या सर्व आप्तेष्टांचे क्रमांक असतात. ती समूहसंदेशावर टाकू नये, आणि दुकानातील संगणकावर उघडली असल्यास पुसून टाकल्याखेरीज उठू नये. एटीएमचा गुप्त अंक एखाद्या काल्पनिक नावाखाली फोन क्रमांक म्हणून लिहून ठेवण्याची सवय पुष्कळांना आहे. ती याच वेळी मोडावी. संपर्कयादी ही तिजोरी नव्हे.

बाईंचा जुना संच फुटला असला, तरी सुदैवाने चालू होता. काचेवर सेलोटेप लावून आम्ही ती फाईल बाहेर काढली, आणि दोनशे बारा नावे परत मिळाली. त्यांत काही माणसे आता हयात नव्हती. “ती नावं राहू देत,” बाई म्हणाल्या. ती तशीच राहिली.

कारकून न बदलता सोय

पुष्कळदा अ‍ॅप बदलण्याची आवश्यकताच नसते. आहे त्या अ‍ॅपमध्ये थोडी व्यवस्था लावली, तरी काम भागते. म्हणून पुढील उपाय आधी करून पाहावेत.

कॉल घेण्याची पद्धत प्रथम तपासावी. फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये येणाऱ्या कॉलसाठी कोणती क्रिया हवी, हे निवडण्याची सोय काही अ‍ॅपमध्ये असते. ज्यांना सरकविणे जमत नाही, त्यांच्यासाठी एका स्पर्शाचा पर्याय बरा. ज्यांच्या खिशात फोन चुकून दाबला जातो, त्यांना सरकविणे सोयीचे.

दुसरी सोय मुखपृष्ठावरील थेट क्रमांकाची. मुख्य पडद्यावरील मोकळ्या जागी बोट दाबून धरले, की ‘विजेट’ असा पर्याय येतो. त्यांतील संपर्काच्या गटातून थेट कॉलचे छोटे चौकोन निवडता येतात. मुलगा, मुलगी, डॉक्टर आणि शेजारी असे चार चौकोन छायाचित्रांसह पडद्यावर आले, की यादी उघडण्याचे कारणच राहत नाही. बाईंना चाळिशीविना अक्षर दिसत नाही, पण लेकाचा चेहरा दिसतो.

तिसरी सोय आवाजाची. प्रत्येक नावाला निराळी घंटी देता येते. चौथी, तारांकित संपर्कांची. रात्री ‘व्यत्यय नको’ ही व्यवस्था चालू ठेवली, तरी तारा दिलेल्या माणसांचे कॉल वाजू देण्याची मुभा ठेवता येते. झोप मोडू नये आणि घरचा निरोपही चुकू नये, या दोन्ही गोष्टी त्यामुळे साधतात.

अ‍ॅपचे नवे रूप मुळीच मानवत नसेल, तर आणखी एक मार्ग आहे. अ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरावे, माहितीचे पान उघडावे आणि वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांतून ‘अपडेट काढून टाका’ हे निवडावे. अ‍ॅप कारखान्यातून आले त्या आवृत्तीवर परत जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये अनेकांनी हाच उपाय योजला. तथापि, तो तात्पुरताच समजावा. अपडेटमध्ये रूपाबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही येतात; त्या फार काळ नाकारणे हिताचे नाही.

दुसरा कारकून नेमताना

एवढे करूनही अडचण राहत असेल, तर दुसरे अ‍ॅप नेमावे. अँड्रॉइड प्रणालीत २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून फोनचे मुख्य अ‍ॅप वापरकर्त्याला स्वतः निवडता येऊ लागले. त्याचा मार्ग सर्वसाधारणपणे असा : सेटिंग्ज, त्यात अ‍ॅप्स, त्यात डीफॉल्ट अ‍ॅप्स, आणि त्यात फोन अ‍ॅप. निरनिराळ्या कंपन्यांच्या संचांत शब्द थोडे बदलतात. अशा वेळी सेटिंग्जच्या माथ्यावरील शोधपट्टीत ‘डीफॉल्ट’ एवढेच लिहावे. ‘डीफॉल्ट’ म्हणजे आपण काही वेगळे सांगितले नाही, तर फोनने आपण होऊन ज्याच्याकडे काम सोपवायचे, तो नेमलेला अधिकारी. आयफोन वापरणाऱ्यांना कॉलचे डीफॉल्ट अ‍ॅप निवडण्याची सोय डिसेंबर २०२४ मधील १८.२ या आवृत्तीने उपलब्ध झाली.

नेमणूक सोपी आहे. म्हणूनच ती विचारपूर्वक करावी. डीफॉल्ट फोन अ‍ॅप म्हणून नेमताच त्या अ‍ॅपला कॉल करणे, संपर्क वाचणे आणि कॉलच्या नोंदी पाहणे, असे अनेक अधिकार एकदमच प्राप्त होतात. आपण कोणाशी, केव्हा आणि किती वेळ बोललो, हे त्याला कळते. याचे गांभीर्य ओळखूनच गूगलने ऑक्टोबर २०१८ मध्ये धोरण बदलले, आणि कॉलच्या नोंदी व संदेश वाचण्याची परवानगी सामान्यतः त्या कामासाठी डीफॉल्ट नेमलेल्या अ‍ॅपपुरतीच मर्यादित केली. याचाच दुसरा अर्थ असा, की ‘मला डीफॉल्ट करा’ असा आग्रह धरणारे अ‍ॅप आपल्याकडे किल्ल्यांचा जुडगाच मागत असते.

म्हणून नेमणुकीपूर्वी चार प्रश्न विचारावेत. हे अ‍ॅप कोणी तयार केले? त्याचा खर्च कसा भागतो : वापरकर्त्याच्या पैशातून, जाहिरातीतून, की आपल्या माहितीतून? कॉल करण्याशी संबंध नसलेल्या कोणत्या परवानग्या ते मागते? आणि त्याला इंटरनेट कशासाठी हवे? साधा कॉल हा इंटरनेटवाचून होतो. तेव्हा या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असलेच पाहिजे. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ म्हणजे सुलभता सेवेची परवानगी तर विशेष जपून द्यावी, कारण ती मिळालेले अ‍ॅप पडद्यावरील मजकूर वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते.

नव्या अ‍ॅपबरोबर काही जुन्या सोयी जाण्याचा संभव असतो, हेही ध्यानी घ्यावे. अनोळखी क्रमांकाविषयीची सूचना, संभाषणाचे ध्वनिमुद्रण किंवा थेट व्हिडिओ कॉल या सोयी पुष्कळदा मूळ अ‍ॅपच्याच असतात. आठवडाभर वापरून पाहावे. न पटल्यास त्याच मार्गाने मूळ अ‍ॅप पुन्हा नेमावे.

मालक बदलतो तेव्हा

एकदा पारखून घेतले, म्हणजे कायमची निश्चिंती झाली, असे मात्र नाही. याचे बोलके उदाहरण अलीकडचेच आहे. ‘सिंपल मोबाइल टूल्स’ या नावाने फोन, संपर्क, दिनदर्शिका अशी साधी, जाहिरातविरहित अ‍ॅप अनेक वर्षे लोकप्रिय होती. त्यांचा आराखडा, म्हणजे कोड, सर्वांना वाचण्यास खुला होता. २०२३ च्या अखेरीस हा सारा संच एका कंपनीला विकण्यात आला. ज्यांनी विश्वासाने ती अ‍ॅप घेतली होती, त्यांच्या फोनमधील कारकून तोच राहिला, पण त्याचा मालक रातोरात बदलला. कोड खुला असल्यामुळे त्या कामातील सहभागी मंडळींनी जुना आराखडा घेऊन ‘फॉसिफाय’ या नावाने नवी अ‍ॅप पुढे चालू ठेवली. त्यांतील फोन अ‍ॅप इंटरनेटची परवानगीच मागत नाही. म्हणजे आपली यादी बाहेर पाठविण्याचा मार्गच त्याला नसतो.

बाईंच्या संचातून जाहिरातीचे अ‍ॅप आम्ही आधी डीफॉल्ट पदावरून दूर केले आणि मग काढून टाकले. दोन प्रकार वापरून पाहिल्यावर बाईंनी निर्णय दिला : मूळ अ‍ॅपच ठेवायचे, पण एका स्पर्शाने कॉल घेण्याचा पर्याय निवडून आणि चार चौकोन मुखपृष्ठावर मांडून. निर्णय कोणता, याला महत्त्व नाही. तो त्यांनी स्वतः, समजून घेतला, याला आहे.

नाव दिसले म्हणजे ओळख पटली नव्हे

पडद्यावर उमटणाऱ्या नावावर आपला फार विश्वास असतो, आणि फसविणारे नेमका त्याचाच लाभ घेतात. आपण स्वतः साठविलेले नाव वेगळे, आणि एखाद्या अ‍ॅपने सुचविलेले नाव वेगळे. अनोळखी क्रमांकाची नावे दाखविणारी काही अ‍ॅप ही माहिती बहुतांशी लोकांनी पुरविलेल्या नावांवरून घेतात. त्या यादीत ‘बँक’ किंवा ‘पोलीस’ असे लिहिलेले असणे, हा पुरावा होऊ शकत नाही. हे उणेपण ओळखून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक शिफारस केली. सिमकार्ड घेताना ग्राहकाने भरून दिलेल्या अर्जातील नावच कॉल घेणाऱ्याला दाखवावे, अशी ती व्यवस्था आहे.

क्रमांकावरूनही काही बोध होतो. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारी मालिका आहे. बँका व शासकीय संस्था यांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६० ने सुरू होणारी मालिका २०२४ मध्ये ठरविण्यात आली. नको असलेल्या जाहिराती थांबविण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते. संशयास्पद कॉल किंवा संदेशाची माहिती ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सुविधेत देता येते. ही सुविधा मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. प्रत्यक्ष आर्थिक फसवणूक झाल्यास मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी अडविता येणे, हे तक्रार किती लवकर होते यावर अवलंबून असते.

आणखी एक पथ्य अंकफलकाविषयी. अनोळखी व्यक्तीने सांगितलेले, फुली किंवा चांदणीसारखी चिन्हे असलेले क्रमांक कदापि दाबू नयेत. अशाच एका युक्तीने लोकांचे कॉल परस्पर दुसरीकडे वळविले जात, आणि बँकेचा गुप्त संकेतांक सांगणारा कॉल ठकाच्या हाती पडे. म्हणून १५ एप्रिल २०२४ पासून अशा संकेतक्रमांकाने कॉल वळविण्याची सोय दूरसंचार विभागाच्या आदेशाने थांबविण्यात आली.

आपली संपर्कयादी केवळ आपली नसते, हाही विचार येथे मांडला पाहिजे. तिच्यात इतरांचे क्रमांक असतात, आणि त्यांनी ते विश्वासाने आपल्याला दिलेले असतात. यादी एखाद्या अ‍ॅपला वाचू देताना आपण त्यांच्याही वतीने संमती देत असतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ मध्ये कायदा झाला. परंतु दारावरची पहिली कडी आपल्याच हातात आहे.

संकटसमयी ११२

फोनची मांडणी कशीही बदलली, तरी एक गोष्ट अबाधित राहिली पाहिजे. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णसेवा यांसाठी ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक आहे. अँड्रॉइड संचात आपण कोणतेही अ‍ॅप नेमले, तरी आपत्कालीन कॉल प्रणालीच्या मूळ फोन अ‍ॅपमार्फतच जातो. म्हणून नवे अ‍ॅप आवडले, तरी मूळ अ‍ॅप बंद करण्याच्या किंवा काढून टाकण्याच्या खटपटीत पडू नये. ते आपल्या जागी शांतपणे राहू द्यावे.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटसूचक बटणाची व्यवस्था आवश्यक करण्यात आली : साध्या फोनवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरून, आणि स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबून. काही संचांत कळ किती वेळा दाबायची, हे निराळे असू शकते; ते सेटिंग्जमधील सुरक्षा व आपत्कालीन विभागात वाचून ठेवावे. चाचणीसाठी खरा कॉल लावू नये. त्याच विभागात रक्तगट, चालू औषधे आणि निकटच्या दोन व्यक्तींचे क्रमांक भरता येतात. रस्त्यात एखादी व्यक्ती बेशुद्ध पडली, तर कुलूपबंद फोनच्या पडद्यावरूनही ही माहिती मदत करणाऱ्याला पाहता येते. द्रुतगती मार्ग आणि रेल्वे यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या पनवेलकरांना याचे महत्त्व अधिक सांगावयास नको.

नावे आपल्या लिपीत

शेवटचा मुद्दा भाषेचा. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या मानकानुसार आपल्याकडील फोनमध्ये २२ भारतीय भाषांतील मजकूर वाचता येण्याची व्यवस्था आवश्यक आहे. तेव्हा संपर्कयादी मराठीत असण्यास कोणतीच अडचण नाही. मात्र काही नावे देवनागरीत आणि काही रोमन लिपीत असली, की ती यादीत दोन निराळ्या ठिकाणी जाऊन पडतात, आणि एकच माणूस शोधताना दोनदा धुंडाळावे लागते. म्हणून एकच लिपी ठरवावी. अंगठ्याने लिहिणे कठीण जात असेल, तर कळफलकावरील माइकचे चित्र दाबून नाव बोलावे. ते मराठीत उमटते. ‘पाटील’ या एकाच नावाची दहा माणसे तालुक्यात प्रत्येकाच्या ओळखीची असतात. तेव्हा नावापुढे गाव किंवा काम लिहावे. जसे, ‘पाटील नेरे’, ‘पाटील वायरमन’. क्रमांकापूर्वी अधिक ९१ हे देशाचे अंक लावले, म्हणजे परदेशात गेलेल्या मुलालाही तीच यादी उपयोगी पडते.

सरावासाठी

वाचकांनी हा लेख वाचून बाजूला ठेवू नये. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीशेजारी बसून पुढील सहा गोष्टी क्रमाने कराव्यात. एक, नावे कोठे साठविली आहेत ते पाहावे आणि त्यांची फाईल काढून ठेवावी. दोन, डीफॉल्ट फोन अ‍ॅप कोणते आहे ते तपासावे. तीन, त्या अ‍ॅपला दिलेल्या परवानग्या वाचाव्यात आणि अनावश्यक त्या काढून घ्याव्यात. चार, जवळच्या चार माणसांचे चौकोन मुखपृष्ठावर मांडावेत. पाच, आपत्कालीन माहिती भरावी. सहा, दुसऱ्या फोनवरून कॉल करून तो त्या व्यक्तीला स्वतःच्या हाताने उचलू द्यावा. आणि तिने तो उचलेपर्यंत तिच्या हातातून फोन काढून घेऊ नये. हा सहावा धडा सर्वांत कठीण आहे, आणि तो शिकणाऱ्यापेक्षा शिकविणाऱ्याच्या धीराची परीक्षा पाहतो.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही हेच केले. अंगणात जाऊन मी बाईंना फोन लावला. पहिल्या वेळी तो कटला. दुसऱ्या वेळी वाजून वाजून थांबला. तिसऱ्या वेळी पलीकडून वर्गात हजेरी घ्यावी तसा खणखणीत आवाज आला : “हं, बोल. ऐकू येतंय.” हल्ली शनिवारी दुपारी गल्लीतील चार-पाच आजी आपापले फोन घेऊन बाईंच्या ओसरीवर जमतात. बाई त्यांना पहिलेच वाक्य सांगतात : “चुकलं तर फोन मोडत नाही. आणि विचारायला लाजायचं नाही.”